आपल्या मलिद्याची वही

तोआ पायोहचं सार्वजनिक वाचनालय १९७४ साली उघडलं. इंग्रजी, मलय, चिनी, तमिळ अशा चार भाषांच्या शहरातलं. आमची नात तिथं 'आपली' गोष्ट शोधायला गेली. ज्यू मुलांची पुस्तकं सापडली, पण सगळी बर्फातली! शनिवारी घाणा बंद ठेवणारा, मराठी बोलणारा कोकणातला तेली त्यांत कुठं?

कारण होतं २१ जुलैचं. १९६४ साली त्या तारखेला सिंगापुरात दंगल झाली होती. १९९७ पासून शाळा तो दिवस सलोख्याचा म्हणून पाळतात. त्यासाठी नुसते पोशाख आणि मिठाया दाखवणारं पुस्तक घेऊ नये, असं माझं मत. रुसणारी, भांडणारी, साधी पोरं असलेलं बरं. आणि वाचताना एकाच पोराला उभं करून "तुमच्यात कसं असतं, सांग" असं विचारू नये. बिचारं गांगरतं.

शेवटी आम्ही दोघींनी वहीच शिवली. नातीनं मलिद्याचं ताट रंगवलं: पोहे, खोबरं, गूळ, फळं. एलियाहू हन्नाबीचं नाव मी मराठीत लिहिलं, तिनं इंग्रजीत.

वर्गात तमिळ मुलगा ओरडला, "गूळ-पोहे? आमची आजीपण करते!"