मुडदुशीचे घर वाळूत

तलवाडा-गेवराईकडच्या मासे खाणाऱ्या माणसाची जीभ रोहू, मरळवर तयार झालेली. तो मालवणला गेला की रवा लावून तळलेली मुडदुशी ताटात येते आणि तो पहिल्याच घासाला विचारतो, हा कुठला मासा? गोव्यात हिलाच मुड्डोशी म्हणतात. शास्त्रीय नाव सिलॅगो सिहामा.

बाजारात ही ओळखायची कशी? टोपलीतली एक हातात घ्या. वीतभर लांब, गोलसर सडपातळ अंग, टोकदार नाकाड, त्याखाली लहानसे तोंड. पाठ फिकट वाळूच्या रंगाची, पोट रुपेरी. अंगावर ठिपके नाहीत. पाठीवर दोन पर, पुढच्यात बहुधा 11 बारीक काटे. कोवळा बोय मासा दुरून असाच दिसतो, पण बोयचे डोके वरून चपटे आणि पुढच्या परात काटे चारच. ते मोजले की फसगत टळते. सिलॅगोच्या जवळच्या जातींत मात्र नुसते वरून पाहून भागत नाही. अभ्यासक पोट चिरून वाताशय तपासतात. सिहामाच्या वाताशयाला मागच्या बाजूला दोन निमुळती टोके असतात.

सिहामा हे नाव 1775 सालचे. निसर्ग अभ्यासक पेटर फोर्स्कोल डॅनिश मोहिमेबरोबर अरबस्तानात गेला, तांबड्या समुद्रातले मासे नोंदवले आणि 1763 साली येमेनमध्ये हिवतापाने वारला. त्याची टिपणे सोबती कार्स्टन नीबूर याने छापून आणली. 

मुडदुशीचे सगळे जगणे वाळूवर चालते. किनाऱ्यालगतचे उथळ पाणी, खाडीचे मुख, वाळूचा तळ ही तिची जागा. वाळूतले किडे आणि बारीक कोळंबी हे तिचे खाणे. जरा धोका वाटला की ती वाळूतच शिरते; ओढत आणलेले जाळे कधी कधी तिच्या डोक्यावरून निघून जाते. पिल्ले खाडीच्या उथळ पाण्यात वाढतात.

मालवणकडच्या कर्ली आणि कालावल खाडीतल्या याच वाळूचे लिलाव होतात. गोदेचे पात्र खरवडले की काय उरते, हे आपल्याला गेवराईत वेगळे सांगायला नको. खाडीत वाळूबरोबर त्यातले किडेही जातात, म्हणजे पिल्लांचा चाराच जातो. उपशाचे पट्टे आखण्याआधी पिल्ले कुठे आणि कोणत्या महिन्यांत असतात, हे तिथल्या मच्छीमारांना विचारायला हवे.