‘ती जातच तशी!’

चोरी झाली की आपल्याकडे चोराच्या आधी त्याची जात सापडते. आमच्या इमारतीतून मागे दोन सायकली गेल्या. पोलीस येण्यापूर्वीच जिन्यात निकाल लागला. कोपऱ्यावरच्या मोकळ्या जागेत पारध्यांची दोन पालं होती. मग दुसरे कोण असणार? “ती जातच तशी!” शेजारच्या काकू म्हणाल्या, आणि सर्वांनी माना डोलावल्या. सायकलींचा तपास काही लागला नाही, पालं मात्र दुसऱ्या दिवशी उठवली गेली. काकूंच्या माहेरच्या ओळखीतल्या एका गृहस्थांनी पतपेढीचे काही लाख रुपये पचवले होते. त्यांच्याबद्दल काकू हळहळत, “बिचाऱ्यांची बुद्धी फिरली हो!” त्यांची जात कोणी काढली नाही. मी पडलो मराठीचा मास्तर. मला यात व्याकरण दिसते. आपल्या माणसाचा गुन्हा एकवचनी, परक्याचा मात्र नेहमी अनेकवचनी!

जिन्यातले हेच वाक्य एके काळी सरकारी कायदा होऊन बसले होते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. इंग्रज सरकारने १८७१ साली ‘गुन्हेगार जमातींचा कायदा’ केला. त्यामागचा विचार मोठा अजब! सुताराचा मुलगा सुतार, विणकराचा विणकर. तेव्हा चोराचा मुलगा चोरच. १९११ च्या नव्या कायद्याने हे जाळे मुंबई इलाख्यावरही पसरले. एखादी जमात एकदा गुन्हेगार म्हणून जाहीर झाली की त्याविरुद्ध न्यायालयात दाद नाही. नाव नोंदवायचे, बोटांचे ठसे द्यायचे, ठरल्या वेळी हजेरी द्यायची, गाव सोडायचे तर पास काढायचा. हजेरी चुकली की शिक्षा! म्हणजे कशालाही हात न लावता माणूस गुन्हेगार ठरे, आणि ती शिक्षाच पुन्हा “पाहा, आम्ही सांगत नव्हतो?” म्हणून पुराव्याला हजर.

आणि ही माणसे पूर्वी करीत तरी काय होती? लमाणांचे तांडे बैलांच्या पाठीवरून मीठ आणि धान्य मुलखोमुलखी पोचवीत; आगगाडी आली आणि त्यांचा धंदा बसला. पारधी शिकारीवर जगत. जंगलाचे कायदे झाले आणि रान सरकारचे झाले. रामोशी तर गडांचे आणि गावांचे राखणदार! पोटावर पाय आल्यावर काहींनी चोऱ्या केल्याही असतील, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण त्यासाठी पाळण्यातल्या पोराला का धरावे?

सोलापुरात अशा लोकांना तारेच्या कुंपणात ठेवून तिथल्या गिरण्यांत कामाला लावीत. त्या भागाला अजूनही लोक ‘सेटलमेंट’ म्हणतात. काही शब्द कायद्यांपेक्षा चिवट असतात.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द झाला आणि या जमाती ‘विमुक्त’ झाल्या. मात्र पाठोपाठ ‘सराईत गुन्हेगारां’विषयीचे कायदे आले; मुंबई राज्यात १९५९ साली. कागदावर ते एकेका माणसासाठी होते, जमातीसाठी नव्हते. पण ठाण्यातल्या नजरेला एवढा बारकावा कुठून असणार? २०२४ च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांतली जातवार कामवाटप करणारी कलमे रद्द केली. त्या निकालातही विमुक्तांना जन्मापासून सराईत समजण्याच्या वृत्तीचा समाचार घ्यावा लागला.

लक्ष्मण गायकवाडांनी आपल्या आत्मकथनाला ‘उचल्या’ हेच नाव दिले. पुस्तक १९८७ चे. पुढच्याच वर्षी त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. लोकांनी कपाळी मारलेला शिक्का त्यांनी स्वतःच मुखपृष्ठावर छापला. ते मी वर्गात शिकवतो, तेव्हा पहिल्या दिवशी मुले नावाला हसतात. आठवड्याभरात हसू आपोआप ओसरते. मला काही सांगावे लागत नाही.

एकदा तास संपल्यावर मागच्या बाकावरची एक मुलगी थांबली. तिचे पणजोबा हजेरी देणाऱ्यांपैकी. कायदा जाऊन कितीतरी वर्षे लोटली, तरी लेकीच्या सासरी दोन दिवस जायचे म्हटले की आधी पोलीसपाटलाला सांगून येत.

“कायदा गेला, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते?” मी विचारले.

“सांगितलं होतं, सर,” ती म्हणाली. “पण पाटलाला कोणी सांगितलंय की नाही, याची त्यांना खात्री नव्हती.”