डीजे मिक्सर घेताय? इफेक्ट किती आहेत ते नंतर, आधी ते कुठे लागतात ते बघा

या आठवड्याच्या एपिसोडचा हा लिखित भाग. ज्यांचं नेट प्रवासात गंडतं, किंवा ज्यांना दुकानात उभं राहून पटकन मुद्दे बघायचेत, त्यांच्यासाठी. बोलताना झालेलं 'अं... म्हणजे...' काढलंय, बाकी बोललो तसंच आहे.

आजचा विषय बऱ्याच जणांनी मागितला होता: कमी बजेटमध्ये, आतच इफेक्ट असलेला डीजे मिक्सर कसा निवडायचा?

सुरुवात घरातूनच करतो. माझा मामेभाऊ कराडजवळच्या गावात हळदी, वाढदिवस, गणपती अशा कार्यक्रमांना डीजे वाजवतो. मे महिन्यात त्याचा फोन आला. "दादा, तू इंजिनिअर आहेस ना, मला एक मिक्सर बघून दे. पस्तीस हजारांच्या आत. इफेक्ट भारी पाहिजेत."

मी सॉफ्टवेअरवाला. पण आपल्याकडे घरात एक बीटेक झाला की पंख्यापासून मिक्सरपर्यंत सगळं त्याच्याच खात्यात. मी विचारलं, "जुन्यात इफेक्ट आहेत ना? मग?" जरा वेळ गप्प बसला आणि मग खरं सांगितलं.

आदल्या आठवड्यात एका हळदीत नवरीच्या आजोबांनी माइक घेतला. दोन शब्द बोलायचे होते, सगळ्यांनी जेवून जा म्हणायचं होतं. गाण्यासाठी लावलेला एको चालूच राहिला होता. आजोबांचा प्रत्येक शब्द चार-चार वेळा घुमायला लागला. पोरं हसली. ह्याने घाईत एको बंद करायला हात घातला, तर वाजत असलेलं गाणंही मध्येच भकास झालं. तोपर्यंत आजोबांनी माइक खाली ठेवला होता आणि ते आत निघून गेले होते. "पैसे मिळाले रे दादा, पण मला लय कसंतरी झालं."

त्याला वाटत होतं चूक त्याची. थोडी होतीच. पण निम्मी चूक त्या मिक्सरच्या रचनेची होती, आणि आजचा सगळा एपिसोड त्या रचनेबद्दल आहे.

मिक्सरच्या आत इफेक्ट म्हणजे नक्की काय?

मिक्सरचं मूळ काम साधं. दोन किंवा जास्त ठिकाणचा आवाज घ्यायचा, प्रत्येकाची पातळी आणि बेस-मिड-ट्रेबल सांभाळायचं, एकत्र करून स्पीकरकडे पाठवायचं. हेडफोनमध्ये पुढचं गाणं आधी ऐकायची सोय, म्हणजे क्यू, हाही त्याचाच भाग.

इफेक्ट म्हणजे या वाटेवर मध्येच बसवलेला छोटा कॉम्प्युटर. एकोचं उदाहरण घ्या. आवाज सेकंदाला ४४,१०० वेळा मोजून साठवला जातोय असं धरा. अर्ध्या सेकंदाचा एको हवा, तर २२,०५० आकडे मेमरीत ठेवायचे आणि तेवढ्या वेळाने, थोडे बारीक करून, पुन्हा मूळ आवाजात मिसळायचे. ते मिसळलेलं पुन्हा मेमरीत टाकलं की दुसरा पडसाद, मग तिसरा. बस, एवढंच. कोडिंग करणाऱ्यांनी हे एका रविवारी लिहून बघा, मजा येते.

म्हणजे 'आमच्यात ९९ इफेक्ट आहेत' याचं फार कौतुक करायचं कारण नाही. एकदा प्रोसेसर आत बसला की यादी वाढवणं कंपनीला सोपं असतं. खरे प्रश्न पुढचे आहेत.

प्रश्न पहिला: इफेक्ट कुठे लागतो?

काही स्वस्त मिक्सरमध्ये इफेक्ट फक्त मास्टरवर लागतो, म्हणजे सगळं एकत्र झाल्यानंतर. गाणं एक, गाणं दोन आणि माइक, तिघांवर एकदम. आजोबांचं जे झालं ते याचमुळे. माइकसुद्धा शेवटी मास्टरमध्येच येऊन मिळतो.

तुम्हाला हवा तो मिक्सर, ज्यात इफेक्ट कुठे लावायचा हे निवडायचं बटण असतं: चॅनेल १, चॅनेल २, माइक, मास्टर. मग गाण्यावर एको असताना माइक स्वच्छ राहतो. सोबत 'टॉकओव्हर' असेल तर सोन्याहून पिवळं. कोणी माइकवर बोललं की गाण्याचा आवाज आपोआप खाली जातो. हळद, बारसं, शाळेचं गॅदरिंग वाजवणाऱ्याला हे दहा इफेक्टपेक्षा जास्त उपयोगाचं आहे.

प्रश्न दुसरा: फेडर बंद केल्यावर एको जिवंत राहतो का?

एका गाण्यावरून दुसऱ्यावर जायची सगळ्यात सोपी युक्ती: पहिल्या गाण्याच्या शेवटच्या शब्दावर एको लावायचा, त्याचा फेडर झटकन खाली घ्यायचा, शेपूट घुमत घुमत विरत असताना दुसरं गाणं सुरू करायचं. गाण्यांचा वेग जुळत नसला तरी चालून जातं. हळदीत जुन्या लावणीवरून थेट 'झिंगाट'वर उडी मारायची तर हाच मार्ग.

पण त्यासाठी इफेक्ट फेडरच्या नंतर बसवलेला हवा. तो आधी असेल, तर फेडर खाली घेतल्यावर शेपूटही तुटतं. जाहिरातीत हे कोणी लिहीत नाही. दुकानात दहा सेकंदांत कळतं: एको लावा, फेडर खाली घ्या, ऐका.

प्रश्न तिसरा: टॅप बटण आहे का?

चांगला एको गाण्याच्या ठेक्यात पडतो. हिशोब सोपा आहे. ६०,००० भागिले बीपीएम, म्हणजे एका ठोक्याचे मिलिसेकंद. १२० बीपीएमला ५००. १०० बीपीएमला ६००. मिक्सर गाणं ऐकून बीपीएम स्वतः ओळखतो आणि एकोचा वेळ त्यावर बसवतो.

क्लबमधल्या एकसारख्या किकवर हे झकास चालतं. आपली गाणी मात्र वेगळी. हलगी, संबळ, ढोलकी यांत बारीक ठोके भरपूर, त्यामुळे मशीन कधी दुप्पट वेग दाखवतं, कधी निम्मा. जुन्या गाण्यांत वादक सगळे एकत्र बसून वाजवायचे, त्यामुळे वेग थोडा वर-खाली होतो. आणि थोड्या चुकीचाही त्रास होतो. गाणं १०० वर आहे आणि मशीनने १०२ धरलं, तर प्रत्येक पडसाद साधारण १२ मिलिसेकंद लवकर येतो. चौथ्या पडसादापर्यंत ४७ मिलिसेकंदांचा फरक. ऐकणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण ठेका सांडल्यासारखा वाटतो.

उपाय म्हणजे टॅप बटण. गाण्याच्या ठेक्यावर चार-पाच वेळा बोटाने दाबायचं, मिक्सर तो वेग धरतो. मराठी गाणी वाजवणार असाल तर टॅप नसलेला मिक्सर घेऊ नका, स्पष्ट सांगतो.

मग इफेक्ट कोणते हवेत?

माझं उत्तर: फिल्टर आणि एको. तिसरा रिव्हर्ब. फिल्टर एका बाजूला फिरवला की बेस निघून जातो, दुसऱ्या बाजूला फिरवला की वरचे सूर जातात आणि गाणं भिंतीपलीकडे वाजल्यासारखं होतं. प्रत्येक चॅनेलला स्वतंत्र फिल्टर असला तर उत्तम. फ्लँजर, फेझर पहिला आठवडा भारी वाटतात, नंतर बोट तिकडे जात नाही. मामेभावाला विचारलं, "वर्षभरात कोणते वापरलेस?" त्याने दोनच नावं सांगितली.

बाजारातले प्रकार

नावं समजायला सोपी जावीत म्हणून काही उदाहरणं. बेहरिंगर डीजेएक्स ७५०: पाच चॅनेल, आत डिजिटल इफेक्ट, बीपीएम काउंटर. कमी पैशात जास्त बटणं हा त्याचा स्वभाव. पायोनियर डीजेएम-२५० एमके२: दोन चॅनेल, प्रत्येकाला फिल्टर, आत यूएसबी साउंड कार्ड, पण ठेक्यात बसणारा एको नाही. तो हवा तर त्याचा मोठा भाऊ डीजेएम-४५०. ॲलन अँड हीथचा झोन २३ वेगळ्या वाटेचा: ॲनालॉग फिल्टर सुंदर, बाकी इफेक्ट आत नाहीत, पण बाहेरचं इफेक्टचं यंत्र जोडायची सोय आहे.

आणि एक प्रामाणिक सल्ला. तुम्ही फक्त लॅपटॉप किंवा फोनवरून वाजवत असाल, तर वेगळा मिक्सर घेण्याआधी कंट्रोलरचा विचार करा. रेकॉर्डबॉक्स, सेराटो, व्हर्च्युअल डीजे या सॉफ्टवेअरमध्येच इफेक्ट असतात. डीडीजे-एफएलएक्स४ सारखा कंट्रोलर फोनलाही जोडता येतो. मिक्सर कधी घ्यायचा? दोन वेगवेगळी यंत्रं, माइक, एखादा कीबोर्ड हे सगळं एकत्र आणायचं असेल तेव्हा, किंवा लॅपटॉप बंद पडला तरी कार्यक्रम थांबू नये असं वाटत असेल तेव्हा.

दुकानातली पाच मिनिटं

आम्ही एका शनिवारी पुण्यात बुधवार पेठेत फिरलो. सोबत फोन, वायरवाले हेडफोन आणि ३.५ एमएम ते आरसीए केबल. ब्लूटूथ नको, त्यात आवाज उशिरा येतो आणि काहीच तपासता येत नाही. फोन 'लाइन' इनपुटला लावा. 'फोनो' हे रेकॉर्ड प्लेयरसाठी असतं, तिथे फोन लावला तर आवाज फाटतो.

क्रम असा ठेवा. एक, सगळे फेडर आणि नॉब सावकाश फिरवा, खरखर आली तर सावध. दोन, एको लावून फेडर खाली, शेपूट ऐका. तीन, एको चॅनेल १ वर ठेवून माइकवर बोला. चार, तुमचंच नेहमीचं हलगीचं गाणं लावून बीपीएम बघा, मग टॅप करून बघा. पाच, मागे मास्टरला एक्सएलआर आउटपुट आहे का बघा, कारण मांडवात केबल लांब जाते आणि साध्या आरसीएवर घूं आवाज पकडला जातो. शेवटचं, आवाज वाढवताना लाल दिवा लागू देऊ नका. इफेक्टने पातळी आणखी वर जाते आणि डिजिटल आवाज फाटला की कानाला टोचतो.

दोन दुकानदार वैतागले. तिसऱ्याने स्वतःच माइक आणून दिला. त्याच्याकडेच तीन वर्षं वापरलेला, दोन चॅनेलचा, चॅनेलनिवड आणि टॉकओव्हरवाला मिक्सर मिळाला. इफेक्ट जुन्यापेक्षा कमी. पैसे बजेटच्या आत, त्यातले वीस हजार भिशीचे होते, म्हणून मलाही धाकधूक होती. मॉडेल मुद्दाम सांगत नाही, नाहीतर सगळे तोच शोधत बसाल. तुमचं काम वेगळं, तुमचा मिक्सर वेगळा.

गेल्या महिन्यात त्याने व्हॉइस नोट पाठवली. एका हळदीत नवऱ्याची आत्या माइकवर ओवी म्हणत होती. मागे गाणं आपोआप खाली गेलेलं, आत्याचा आवाज स्वच्छ, आणि शेवटी बायकांच्या टाळ्या. नोटच्या शेवटी हा म्हणतो, "दादा, एको बंद होता. मी दोनदा बघितलं."

पुढच्या एपिसोडमध्ये केबल आणि अर्थिंग. तुमच्याकडे कोणता मिक्सर आहे आणि त्यातले किती इफेक्ट खरंच वापरता, ते व्हॉइस नोटवर पाठवा. आणि रात्री दहाची वेळ पाळा रे, शेजारीही माणसंच आहेत. भेटू!