धांदरट म्हणवली जाणारी मुले

आठ वर्षांचा झाला तरी मुलाला पायजम्याची नाडी बांधता येत नाही, ताटातले वरण रोज अंगावर सांडते, लगोरीत त्याला कोणी गडी म्हणून घेत नाही. तोंडी विचारावे तर बाराचा पाढा घडाघडा म्हणतो! अशा मुलाला आमच्याकडे 'धांदरट' हे नाव पडते आणि बहुधा तेथेच त्याचा विचार संपतो.

1962 साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने अशा मुलांवर अग्रलेख लिहिला. 1994 साली कॅनडातील लंडन येथे जमलेल्या तज्ज्ञांनी ह्या अवस्थेला 'विकासात्मक समन्वय विकार' हे नाव मुक्रर केले. शाळकरी मुलांत शेकडा पाच-सहांना तो असतो, म्हणजे पन्नासांच्या वर्गात दोन-तीन. हालचालीची आखणी करून ती अंगवळणी पाडण्याचे मेंदूचे काम येथे अडखळते. इतरांचे हात जे आपोआप करतात, ते ह्याला दर वेळी लक्ष देऊन करावे लागते. अक्षर काढण्यातच तो थकतो; मजकुराला मन उरत नाही. 'लातूर पॅटर्न'चा अभिमान बाळगणाऱ्या लातुरात काय किंवा नांदेडात काय, अशा मुलाचे गुण हात मागे राहिल्याने जातात. त्यावर तेच पान वीस वेळा लिहायला लावण्याची शिक्षा आम्हांस तरी क्रूर वाटते.

उपाय घरचेच आहेत. सरसकट व्यायामापेक्षा जे काम अडते तेच शिकवावे. नाडीची गाठ आपण बांधत आणावी, शेवटची ओढ त्याला द्यावी. ती जमली की त्याआधीची पायरी. काम पुरे केल्याचे समाधान रोज त्याच्या वाट्याला येते. 'कुठे अडले? आता कसे करून पाहशील?' हे त्यालाच विचारावे. जाड पेन्सिल द्यावी, पाय जमिनीला टेकतील असे आसन द्यावे.

मात्र पूर्वी येत असलेली गोष्ट जाऊ लागली, जिना चढवेना, उठताना मांडीवर हात टेकावे लागले, तर ते दुखणे निराळे. बालरोगतज्ज्ञांना तातडीने दाखवावे.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमतेच्या व्याख्येत 'डिस्प्रॅक्सिया' हा शब्द आहे. ह्याच दोषाचे ते दुसरे प्रचलित नाव. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके शाळेत येतात, तेव्हा गुरुजींनी अशा मुलाचे नाव आपणहून सांगावे. वजन, उंची आणि दात पाहून नाडीची गोष्ट डॉक्टरांना कशी कळणार?