फाइल मॅनेजरमधून कमांड लाइनकडे : चालू फोल्डरचा प्रश्न

१. प्रस्तावना

संगणकावरील फाइलींची हाताळणी दोन प्रकारे करता येते. फाइल मॅनेजरमध्ये फोल्डर व फाइली डोळ्यांपुढे दिसतात. कमांड लाइनवर मात्र आज्ञा टंकलिखित करावी लागते. विद्यार्थ्यांच्या दोनशे प्रकल्प-फाइलींच्या नावांची यादी तयार करणे हे काम माउसने जिकिरीचे, तर कमांड लाइनवर एका ओळीचे आहे. तरीही अनेक वापरकर्ते तिकडे वळत नाहीत. याचे एक कारण आज्ञांच्या अवघडपणात नसून तेथवर पोहोचण्याच्या वाटेत आहे.

२. अडचणीचे स्वरूप

कमांड लाइनला नेहमी एक 'चालू फोल्डर' असतो. पूर्ण मार्ग न दिल्यास फाइलींविषयीची आज्ञा त्यालाच लागू होते. विंडोजमध्ये स्टार्ट मेनूतून कमांड प्रॉम्प्ट उघडल्यास तो सामान्यतः वापरकर्त्याच्या वैयक्तिक फोल्डरमध्ये सुरू होतो. फाइल मॅनेजरमध्ये कोणता फोल्डर उघडा आहे, हे त्याला ज्ञात नसते. त्यामुळे 'सीडी' आज्ञेपुढे संपूर्ण मार्ग लिहावा लागतो. ड्राइव्ह वेगळा असल्यास '/डी' ही जोडही आवश्यक असते. ती राहून गेल्यास ड्राइव्ह बदलत नाही आणि चूक झाल्याचा संदेशही येत नाही. अशा स्थितीत दिलेली 'डेल' ही आज्ञा भलत्याच फोल्डरमधील फाइली पुसू शकते, आणि या आज्ञेने पुसलेल्या फाइली रिसायकल बिनमध्ये जात नाहीत.

३. उपलब्ध मार्ग

या प्रश्नाचे उत्तर जुने आहे. १९८६ मधील नॉर्टन कमांडर या डॉस प्रणालीवरील फाइल मॅनेजरमध्ये दोन चौकटींच्या खालीच कमांड लाइन दिलेली होती. १९९४ मध्ये आलेल्या मिडनाइट कमांडरने हीच रचना युनिक्स-वर्गीय प्रणालींवर आणली.

विंडोज १० व ११ मध्ये फाइल एक्सप्लोररच्या ॲड्रेस बारमध्ये 'सीएमडी' ही रोमन अक्षरे लिहून एंटर कळ दाबल्यास त्याच फोल्डरमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडतो. २०२१ मध्ये आलेल्या विंडोज ११ मध्ये रिकाम्या जागी उजवी क्लिक केल्यास 'ओपन इन टर्मिनल' हा पर्याय मिळतो. लिनक्सवरील डॉल्फिनमध्ये एफ४ कळीने खिडकीच्या आतच टर्मिनल उघडते आणि फोल्डर बदलताच त्याचा चालू फोल्डरही बदलतो.

४. मर्यादा

सर्व्हरवरील सामायिक फोल्डर नेटवर्क-मार्गाने उघडलेला असल्यास कमांड प्रॉम्प्ट त्याला चालू फोल्डर म्हणून स्वीकारत नाही. तसा संदेश देऊन तो विंडोजच्या फोल्डरमध्ये सुरू होतो. अशा वेळी 'पुशडी' आज्ञेने त्या मार्गास तात्पुरते ड्राइव्ह-अक्षर देता येते.

५. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून असे स्पष्ट होते की, कमांड लाइन जवळ आणणे म्हणजे केवळ काही क्लिक वाचविणे नव्हे. डोळ्यांपुढील फोल्डर आणि आज्ञा लागू होणारा फोल्डर एकच असल्याची निश्चिती करणे होय. म्हणून कोणत्याही मार्गाने कमांड लाइन उघडली, तरी आज्ञा देण्यापूर्वी प्रॉम्प्टमध्ये दिसणारा मार्ग वाचण्याची सवय विद्यार्थ्यांना आरंभीच लावणे इष्ट ठरते.