विश्लेषण : स्नायूतले विकर ‘सापडले’ म्हणजे ते ‘काम करते’ का? मोनोक्लोनल अँटीबॉडीची चाचणी नेमके काय सांगते?

जिना चढताना कठडा धरावा लागतो. मांडी घालून बसल्यावर उठताना गुडघ्यांवर हात टेकावे लागतात. शाळा-कॉलेजच्या वयात असे सुरू झाले की घरचे आधी अशक्तपणा समजतात. मात्र, यामागे ‘लिंब-गर्डल मस्क्युलर डिस्ट्रॉफी’ हा खांद्यांचे आणि कमरेभोवतीचे स्नायू हळूहळू क्षीण करणारा आनुवंशिक आजार असू शकतो. त्याच्या एका प्रमुख प्रकारात दोष असतो कॅल्पेन-३ या विकरात, म्हणजेच एन्झाइममध्ये.

हे विकर रुग्णाच्या स्नायूत आहे की नाही, हे पाहण्यासाठी प्रयोगशाळेत मोनोक्लोनल अँटीबॉडी वापरतात. करोनाकाळात औषध म्हणून कानावर पडलेला हा शब्द इथे शोध घेण्याचे साधन आहे. ही चाचणी कशी होते आणि तिच्या उत्तरावर कितपत विसंबायचे, ते समजून घेऊ.

कॅल्पेन म्हणजे काय?

कॅल्पेन ही प्रथिने कापणारी विकरे आहेत. नावातला ‘कॅल’ कॅल्शियमवरून आला आणि ‘पेन’ पपेनवरून. पपेन म्हणजे पपईच्या चिकातले, मांस मऊ करणारे विकर. कॅल्पेनची कात्री मात्र कॅल्शियम मिळाल्यावरच चालते. पेशीबाहेरच्या तुलनेत पेशीच्या आत मुक्त कॅल्शियम साधारण दहा हजार पटींनी कमी असते. त्यामुळे ते थोडे वाढले तरी पेशीसाठी तो इशारा ठरतो.

कॅल्पेन-३ मुख्यतः हाडांना जोडलेल्या स्नायूंत असते. त्याच्या जनुकातील दोषामुळे हा आजार होतो, हे १९९५ मध्ये स्पष्ट झाले. तोवर अशा आजारांत स्नायूची ‘बांधणी’ करणारी प्रथिनेच बिघडलेली आढळली होती. एखादे विकर बिघडल्याने स्नायू झिजतात, ही बाब नवी होती.

मोनोक्लोनल अँटीबॉडी कशी तयार झाली?

शरीरात शिरलेल्या परक्या घटकाविरुद्ध अनेक प्रकारच्या अँटीबॉडी तयार होतात. प्रत्येक जण त्या घटकाचा वेगळा भाग पकडते. केंब्रिजमध्ये जॉर्जेस कोहलर आणि सेझार मिलस्टीन यांनी १९७५ मध्ये अँटीबॉडी बनवणारी उंदराची पेशी आणि सतत वाढणारी कर्करोगाची पेशी यांचा संयोग घडवला. या संकरित पेशीच्या वंशातून एकाच प्रकारची अँटीबॉडी हवी तितकी मिळू लागली. या कामासाठी दोघांना १९८४ चे नोबेल मिळाले.

एकच भाग ओळखण्याचा हा गुण इथे मोलाचा आहे. कारण कॅल्पेन-१, कॅल्पेन-२ ही भावंडे रचनेने बरीच सारखी आहेत. कॅल्पेन-३ चाच वेगळा भाग पकडणारी अँटीबॉडी नसेल तर भलतेच विकर मोजले जाईल.

चाचणी कशी होते?

या पद्धतीला ‘वेस्टर्न ब्लॉट’ म्हणतात. रुग्णाच्या स्नायूचा छोटा तुकडा काढून लगेच गोठवतात. मग तो विरघळवून त्यातली प्रथिने जेलमध्ये विजेच्या साह्याने वजनानुसार वेगळी करतात आणि एका पातळ पडद्यावर उतरवतात. त्यावर अँटीबॉडी सोडली की ती फक्त आपल्या प्रथिनाला चिकटते. त्या जागी प्रकाश देणारे रसायन वापरल्यावर पट्टी उमटते. पूर्ण कॅल्पेन-३ ची पट्टी ९४ किलोडाल्टन वजनाच्या जागी दिसते.

प्रयोगशाळा अनेकदा दोन अँटीबॉडी वापरतात. ‘२सी४’ ही पूर्ण प्रथिनाबरोबर ३० किलोडाल्टनच्या आसपासचे तुकडे दाखवते, तर ‘१२ए२’ ही ६० च्या आसपासचे. दोघी वेगळा भाग पकडत असल्याने एकीच्या उत्तराची दुसरीकडून पडताळणी होते. शेजारी निरोगी व्यक्तीचा नमुनाही चालवतात.

चूक कुठे होऊ शकते?

पहिली शक्यता : पट्टी दिसत नाही, पण आजार दुसराच आहे. कॅल्पेन-३ स्वतःलाच कापते. नमुना गोठवायला उशीर झाला तर ते चाचणीआधीच तुटून जाते. शिवाय डिस्फर्लिन या दुसऱ्या प्रथिनाच्या दोषातही कॅल्पेन-३ कमी झालेले आढळू शकते.

दुसरी शक्यता अधिक फसवी : पट्टी ठळक दिसते, तरीही रुग्णाला हाच आजार असतो. काही जनुकीय बदलांत विकर नेहमीइतकेच तयार होते, पण त्याची कात्री चालत नाही. अँटीबॉडीला फक्त आकार ओळखता येतो, काम नाही.

इटलीतील संशोधकांनी २००३ मध्ये यावर मार्ग दाखवला. विकराला स्वतःला कापण्याची संधी द्यायची आणि नंतर ब्लॉट करायचा. निरोगी नमुन्यात पूर्ण प्रथिनाची पट्टी थोड्याच वेळात नाहीशी होते. रुग्णाच्या नमुन्यात ती तशीच राहिली, तर विकर आहे पण निकामी आहे, असे कळते. म्हणजे इथे पट्टी नाहीशी होणे ही चांगली खूण!

जनुक चाचणी असताना हे कशाला?

आता अनेक ठिकाणी जनुक चाचणीच आधी होते. परंतु तिच्यात असा बदल सापडू शकतो, जो घातक की निरुपद्रवी हे ठरलेले नसते. तेव्हा स्नायूतल्या प्रथिनाची साक्ष उपयोगी पडते.

हा प्रश्न आपल्याकडचाही आहे. मुंबईतील डॉक्टरांचा सहभाग असलेल्या २०१३ च्या एका अभ्यासात अगरवाल समाजातील रुग्णांमध्ये या जनुकाचे दोन ठरावीक बदल पुन्हा पुन्हा आढळल्याची नोंद आहे. आई-वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. आजार पूर्ण बरा करणारे औषध अद्याप नाही. तरीही अचूक निदान झाले तर चुकीचे उपचार टळतात आणि भावंडांना वेळेत समुपदेशन मिळते.

त्यामुळे अहवालात ‘कॅल्पेन-३ आढळले’ असे असले तरी तेवढ्यावर निश्चिंत होऊ नये. ते काम करते का, हा प्रश्न डॉक्टरांना जरूर विचारावा.