आधीचा केसपेपर

स्मरणिकेसाठी लेख द्यावा, असा संपादकांचा निरोप दरवर्षी दसऱ्याच्या सुमारास येतो आणि दरवर्षी मी मधुमेह किंवा रक्तदाब या विषयावर चार पाने लिहून देतो. यंदा मात्र मी एका इमारतीविषयी लिहिण्याची परवानगी मागितली. विषय वैद्यकाबाहेरचा वाटेल. तो तसा नाही, हे लेख संपेपर्यंत वाचकांना पटावे, एवढीच अपेक्षा आहे.

आपल्या मंडळाचे आम्ही काही सभासद गेली काही वर्षे हैदराबादच्या विमानतळापलीकडील एका गावी दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी मोफत तपासणी करतो. प्राथमिक शाळेच्या दोन खोल्या, एक वजनकाटा, रक्तदाबाची दोन यंत्रे आणि औषधांची एक पेटी, एवढाच आमचा सरंजाम. दोन वर्षांपूर्वी या गावाच्या शिवेला लागून एक डेटा सेंटर सुरू झाले. खिडक्या नसलेली लांबट पांढरी इमारत, गच्चीवर पंख्यांच्या रांगा, मागे डिझेल जनरेटरांची ओळ आणि फाटकाशी पहारा. चिमणी नाही, भोंगा नाही, कामगारांची वर्दळ नाही. पहिल्या भेटीत मला ती इमारत अगदी निरुपद्रवी वाटली होती.

गेल्या उन्हाळ्यात पासष्टीच्या पुढची एक अव्वा तपासणीला आली. ती आमची जुनीच रुग्ण. ‘निद्र पडतलेदु, सारू,’ एवढेच ती म्हणाली. झोप लागत नाही. रक्तदाब १६८/९४ भरला. खोदून विचारले तेव्हा तिने खिडकीतून त्या पांढऱ्या इमारतीकडे हात केला. तिथे रात्री-अपरात्री जनरेटर सुरू होतात, भांडी थरथरतात आणि एकदा जाग आली की पहाटेपर्यंत डोळा लागत नाही, असे तिचे म्हणणे होते. तिच्या मुलाची तक्रार निराळी होती. घरची बोअर यंदा मार्चमध्येच आटली होती.

दोन्ही तक्रारी खऱ्या होत्या. पण त्यांचे कारण ती इमारतच, असे मी डॉक्टर या नात्याने म्हणू शकत होतो का? रक्तदाब वयानेही वाढतो आणि बोअर कमी पावसानेही आटते. याचे उत्तर आधीच्या नोंदींतच मिळणार होते. आमच्या जुन्या कंपाउंडरांनी नोंदवही काढली. इमारत सुरू होण्यापूर्वीचे या बाईंचे रक्तदाबाचे दोनच आकडे त्यात होते. गावच्या पाण्याचा एकही नव्हता. त्या क्षणी मला पाटणचेरू आठवले.

पाटणचेरूची आठवण

१९७९ साली मी पाटणचेरूला दवाखाना थाटला. औद्योगिक वसाहत नुकतीच उभी राहत होती. गावाला काम मिळत होते, मलाही रुग्ण मिळत होते. पुढे औषधांचे आणि रसायनांचे कारखाने वाढले. ओढ्यांचे रंग बदलले, विहिरींचे पाणी तोंडात धरवेना. अंगावर चट्टे आलेल्या बायका आणि दगावलेल्या म्हशींचे मालक माझ्याकडे येऊ लागले. १९९० साली हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. तेथील डॉ. किशन राव यांनी व्यवसाय सांभाळून अनेक वर्षे हा लढा दिला, हे आपणांपैकी अनेकांना ठाऊक आहे. माझा वाटा मात्र सांगण्याजोगा नाही.

त्या काळात एक तरुण वकील माझ्याकडे आला होता. कारखान्यांच्या सुरुवातीच्या वर्षांतली माझी रुग्णनोंद त्याला हवी होती. त्या वेळी त्वचेचे आणि श्वासाचे विकार किती होते आणि पुढे किती झाले, एवढेच त्याला दाखवायचे होते. मी त्याला रिकाम्या हाताने परत पाठवले. १९८८ साली दवाखान्याची जागा बदलताना त्या सगळ्या वह्या मी रद्दीत घातल्या होत्या. त्यांचे किती पैसे आले, तेही आज आठवत नाही.

२००७ साली स्वीडिश संशोधकांनी पाटणचेरूच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रातून बाहेर पडणारे पाणी तपासून निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यात सिप्रोफ्लॉक्सॅसिनचे प्रमाण लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत आढळले. उपचार घेणाऱ्या रुग्णाच्या रक्तात असते त्याहून हे प्रमाण अधिक. आकडा जगभर गाजला. पण तो रोग पुरता बळावल्यानंतरचा आकडा होता. रुग्ण धडधाकट असतानाचा केसपेपर कोणाजवळच नव्हता.

घाम गाळणारी इमारत

डेटा सेंटर म्हणजे रसायनांचा कारखाना नव्हे, हे प्रथम स्पष्ट केले पाहिजे. तिथे हजारो संगणक रात्रंदिवस चालतात. आपण फोनवरून पाठवलेले पैसे, रेल्वेचे आरक्षण आणि आपल्याच रुग्णांच्या एमआरआयच्या प्रतिमा अशाच इमारतींत साठतात. हैदराबाद आता या उद्योगाचे मोठे केंद्र झाले आहे. मार्च २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टने येथील डेटा सेंटरची घोषणा केली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ॲमेझॉनची केंद्रे सुरू झाली. आमच्या गावचे केंद्र या दोहोंपैकी कोणाचेही नव्हे. ते एका लहान कंपनीचे आहे.

संगणकात शिरलेल्या प्रत्येक युनिट विजेची अखेर उष्णताच होते आणि ती बाहेर टाकावीच लागते. पुष्कळ ठिकाणी यासाठी पाण्याची वाफ करतात. आपले शरीर घाम गाळते, तोच हा उपाय. एक लिटर घाम वाळताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो, हे आपण शरीरक्रियाशास्त्रात शिकलो. एक युनिट वीज म्हणजे ८६० किलोकॅलरी. म्हणजे युनिटमागे दीड लिटर पाणी झाले. एक मेगावॅट क्षमतेचे केंद्र दिवसाला २४,००० युनिटे वापरते. सगळी उष्णता वाफेनेच काढली, तर त्याला रोज ३६,००० लिटर पाणी लागेल. माणशी १३५ लिटरांच्या शासकीय मापाने ते सुमारे २६५ माणसांना पुरेल. केंद्र २० मेगावॅटचे असेल, तर पाच हजारांच्या वस्तीचे पाणी रोज आकाशात जाईल.

वाफ होते ती निव्वळ पाण्याची. क्षार मागे राहतात. ते चौपट दाट झाल्यावर पाणी बदलायचे ठरवले, तर वाफेच्या एक तृतीयांश इतके खारे पाणी निचऱ्यात सोडावे लागते. आपला खडक ग्रॅनाइटचा आहे आणि शेजारच्या नलगोंडा जिल्ह्यात फ्लोराइडने वाकलेली हाडे आपण पाहिली आहेत. ज्या बोअरच्या पाण्यात लिटरमागे एक मिलिग्रॅम फ्लोराइड आहे, त्या पाण्याचा निचरा चार मिलिग्रॅमचा होईल. तो उघड्या ओढ्यात गेला, तर खालच्या विहिरींचे काय होईल, हे या सभेला समजावून सांगण्याची गरज नाही.

यावर उपाय आहेत. शहरातील मलशुद्धीकरण केंद्रांचे प्रक्रिया केलेले पाणी वापरता येते. वाफ न करता हवेने थंड करणारी यंत्रेही आहेत. त्यांना पाणी जवळजवळ लागत नाही, पण वीज अधिक लागते. निवड करताना हिशेब मांडावा लागतो, आणि तो गावासमोर मांडला जावा. हैदराबादचे पिण्याचे पाणी आज शंभराहून अधिक किलोमीटरांवरून, कृष्णा आणि गोदावरीतून येते. दोन्ही नद्यांचा उगम आपल्या पूर्वजांच्या मुलखातला. इतक्या लांबून आणलेले पाणी यंत्रांच्या घामासाठी वापरायचे का, हा प्रश्न विचारण्याचा हक्क आपल्यालाही आहे.

धूर आणि आवाज

वीज गेली तरी ही केंद्रे क्षणभरही थांबत नाहीत. म्हणून त्यांच्याकडे मोठे डिझेल जनरेटर असतात आणि ते ठरावीक काळाने चालवून पाहावे लागतात. डिझेलचा धूर मनुष्यात कर्करोगकारक आहे, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली जाहीर केले. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत ४५ डेसिबलची मर्यादा आहे. युरोपसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली रात्रीकरिता ४० डेसिबल सुचवले. गच्चीवरील पंख्यांची घरघर तर बारा महिने चालते. आवाज अडवणाऱ्या भिंती, जनरेटरांची पुरेशी उंच नळकांडी आणि चाचणीची दिवसाची वेळ, एवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो.

आकडा कोणाचा?

२००६ च्या पर्यावरण अधिसूचनेनुसार २०,००० चौरस मीटरांपासूनच्या बांधकामांना पर्यावरणीय मंजुरी लागते. परंतु बांधकाम प्रकल्पांना जनसुनावणीची अट नाही. डेटा सेंटर या वर्गात आले, की गावाला आपले म्हणणे मांडायची ठरलेली जागा उरत नाही.

अमेरिकेत ऑरेगॉन राज्यात कोलंबिया नदीकाठी द डॅल्स नावाचे लहान शहर आहे. तिथल्या गुगलच्या केंद्रांना किती पाणी लागते, असे एका वृत्तपत्राने विचारले. ते व्यापारी गुपित आहे, असे म्हणून शहर प्रशासनच न्यायालयात गेले. अखेर डिसेंबर २०२२ मध्ये तडजोड होऊन आकडा बाहेर आला. २०२१ साली ३५ कोटी गॅलनांहून अधिक, म्हणजे शहराच्या एकूण वापराच्या चौथ्या हिश्शाहून जास्त पाणी तिथे गेले होते. मला त्या आकड्यापेक्षा तो मिळवण्यासाठी करावी लागलेली यातायात अधिक बोलकी वाटते.

आम्हीही विचारून पाहिले. गावचे सरपंच, आमचे दोन सहकारी आणि मी असे चौघे त्या केंद्राच्या व्यवस्थापकांना भेटलो. ते तरुण अभियंता होते. त्यांनी आदराने बसवले, चहा दिला. जनरेटरची चाचणी रात्रीऐवजी सकाळी अकराला घेण्याचे त्यांनी तिथल्या तिथे मान्य केले आणि तो शब्द पाळला. पाण्याचा आकडा मात्र ‘वर विचारावे लागेल’ असे म्हणाले. ते अजून विचारत आहेत.

आपण काय करावे?

त्या केंद्राच्या दुसऱ्या इमारतीचे काम सध्या सुरू आहे. ती सुरू होण्याआधी आम्ही एक साधी गोष्ट आरंभली आहे. गावातील नऊ बोअरची पातळी शाळेचे शिक्षक दर महिन्याला दोरी सोडून मोजतात. पाण्याचे नमुने वर्षातून दोनदा प्रयोगशाळेत जातात. रात्रीचा आवाज चार ठरलेल्या ठिकाणी मोजला जातो. तपासणीला येणाऱ्या प्रत्येकाचा रक्तदाब, झोप आणि खोकला यांची नोंद एकाच पद्धतीने होते. वहीच्या दोन प्रती राहतात, एक पंचायतीत आणि एक माझ्या घरी. कंपनीच्या विरोधात हे काम नाही. उद्या तिच्यावर खोटा आळ आला, तर हीच वही तिच्याही उपयोगी पडेल.

माझ्या वैद्यकबंधूंना आणि भगिनींना एवढीच विनंती आहे की, आपल्या दवाखान्याजवळ असे काही उभे राहत असेल, तर पहिली वीट बसण्याआधी वही उघडावी. आणि जे माझ्यासारखे व्यवसाय आवरण्याच्या वयाला पोहोचले आहेत, त्यांनी जुन्या नोंदवह्या रद्दीत घालू नयेत. रुग्णांची नावे झाकून त्या मंडळाच्या कपाटात आणून ठेवाव्यात. मी आणू शकलो असतो, अशा नऊ वर्षांच्या वह्या त्या कपाटात कधीच येणार नाहीत.

त्या अव्वाचा रक्तदाब गेल्या महिन्यात १४६/८८ होता आणि रात्री झोप लागते, असे ती म्हणाली. मी मधल्या काळात तिची गोळीही वाढवली होती, त्यामुळे श्रेय कोणाचे, हे मी सांगू शकत नाही. आकडा मात्र तारखेसह वहीत लिहून ठेवला आहे.